दोन वर्षांची वाट : खिशांतल्या एका खेळाची जडणघडण

एखादें काम आपण करणार आहों असें जाहीर करणें आणि तें पुरें करून लोकांच्या हातीं देणें, या दोहोंमध्यें जें अंतर असतें तें बहुधा कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. घोषणेचा दिवस गाजतो, प्रकाशनाचा दिवसही गाजतो. मधला काळ मात्र विसरला जातो. पुष्कळांस तर हा मधला काळ म्हणजे निव्वळ खोळंबा वाटतो. वस्तुतः कोणत्याही कृतीचें बरेंवाईट ठरतें तें या मधल्या काळांतच. हें तत्त्व समजून घेण्यासाठीं आम्हीं प्रस्तुत लेखांत असें एक उदाहरण घेतलें आहे कीं, जें विद्यार्थिवर्गास परकें वाटूं नये. तें उदाहरण एका खेळाचें आहे. हा खेळ मैदानावरचा नव्हे आणि पटावरचाही नव्हे. हातांत मावणाऱ्या यंत्राच्या लहानशा पडद्यावर तो खेळावयाचा असतो. नोव्हेंबर १९९७ मध्यें जपानांत त्याचा नमुना लोकांस दाखविण्यांत आला, आणि नोव्हेंबर १९९९ मध्यें तो विक्रीस आला. या दोन वर्षांत काय घडलें, हा आमच्या लेखाचा विषय.

प्रथम या खेळाची जात ओळखून घेऊं. पडद्यावरचे कांहीं खेळ केवळ बोटांच्या चपळाईचे असतात. तेथें विचारास सवड नसते. दुसऱ्या एका प्रकारांत खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेतो. त्या पात्राच्या नांवानें गांवोगांव फिरतो, लोकांशीं बोलतो, प्रतिस्पर्ध्यांशीं पाळीपाळीनें झुंजतो आणि प्रत्येक झुंजीगणिक थोडा थोडा समर्थ होत जातो. या प्रकारास आम्ही भूमिकाखेळ म्हणूं. कादंबरी वाचतांना नायक कोणत्या वाटेनें जाणार हें लेखकानें ठरविलेलें असतें. भूमिकाखेळांत तें पुष्कळ अंशीं खेळणाऱ्यावर सोपविलेलें असतें. जपानांत १९८६ सालीं निघालेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट' या खेळानें हा प्रकार घरोघर नेला. असा खेळ एका बैठकींत संपत नाहीं. कित्येक दिवस चालतो. म्हणून आज जेथवर आलों तेथवरची नोंद जपून ठेवावी लागते आणि दुसऱ्या दिवशीं तेथूनच पुढें निघावें लागतें. नोंद जपून ठेवण्याची ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचा संबंध येणार आहे.

आमच्या उदाहरणांतला खेळ ज्या यंत्रासाठीं रचला गेला त्याचें नांव 'गेम बॉय'. क्योतो येथील निन्टेन्डो कंपनीनें तें २१ एप्रिल १९८९ रोजीं जपानांत विक्रीस काढलें. ज्यांच्या देखरेखीखालीं तें घडलें त्या गुनपेई योकोई यांचा एक सिद्धान्त होता. नव्यांतलें नवें व महागांतलें महाग साहित्य घेण्यापेक्षां, जें जुनें होऊन स्वस्त व खात्रीचें झालें आहे त्याचाच नव्या रीतीनें उपयोग करावा, असें ते म्हणत. त्याप्रमाणें गेम बॉयचा पडदा रंगीत नव्हता. त्यावर फिक्यापासून गडदापर्यंत चारच छटा उमटत. पडद्याची रुंदी १६० टिंबें आणि उंची १४४ टिंबें. त्याच वर्षीं निघालेलें अटारी कंपनीचें 'लिंक्स' आणि पुढील वर्षीं निघालेलें सेगा कंपनीचें 'गेम गिअर' हीं यंत्रें रंगीत होतीं. परंतु त्यांचे सेल थोड्याच तासांत संपत. गेम बॉय चार लहान सेलांवर त्यांच्याहून कितीतरी अधिक काळ चाले. शिवाय तारेच्या साह्यानें दोन गेम बॉय एकमेकांस जोडतां येत. प्रत्येक खेळ एका लहानशा कार्ट्रिजमध्यें भरलेला असे. तें यंत्राच्या पाठीमागील खांचेंत बसविलें कीं खेळ सुरू होई.

या जोडतारेंतून सातोशी ताजिरी या तरुणास एक कल्पना सुचली. ताजिरी यांचा जन्म १९६५ सालचा. टोकियोनजीकच्या माचिदा या भागांत त्यांचें बालपण गेलें. त्या काळीं तेथें शेतें, तळीं व झाडी होती, आणि किडे पकडण्याचा त्यांस विलक्षण नाद होता. पुढें शहर वाढत गेलें, तळीं बुजलीं, झाडी तुटली. किडे शोधावयास जागाच उरली नाहीं. आपण लहानपणीं जो आनंद घेतला तो शहरांतल्या मुलांस कसा मिळावा, हा विचार त्यांच्या मनांत घोळत असे. दोन यंत्रांस जोडणारी तार पाहून, तिच्यावरून एखादा किडा सरपटत एका यंत्रांतून दुसऱ्या यंत्रांत जात आहे, असें चित्र त्यांच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. १९९० सालीं त्यांनीं आपली योजना निन्टेन्डोपुढें मांडली. त्यांच्या 'गेम फ्रीक' या लहानशा संस्थेनें ती सिद्धीस नेण्यास जवळजवळ सहा वर्षें घेतलीं. २७ फेब्रुवारी १९९६ रोजीं 'पॉकेट मॉन्स्टर्स', म्हणजे आज आपण ज्यास पोकेमॉन म्हणतों तो खेळ, 'रेड' व 'ग्रीन' अशा दोन आवृत्त्यांत बाहेर पडला. त्यांत नाना प्रकारचे काल्पनिक प्राणी पकडावयाचे, त्यांस वाढवावयाचें व त्यांची यादी पुरी करावयाची असे. कांहीं प्राणी एकाच आवृत्तींत सांपडत. कांहींची वाढ तर अदलाबदल केल्यावांचून पुरी होतच नसे. अर्थात् मित्रावांचून यादी पुरी करणें कोणासही शक्य नव्हतें.

हा पहिला खेळ हळूहळू परंतु सतत खपत गेला. १ एप्रिल १९९७ पासून त्यावरील चित्रमालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि त्या प्राण्यांचीं नांवें मुलांच्या तोंडीं बसलीं. आपल्या देशांतही हीं नांवें पसरलीं तीं या चित्रमालिकेमुळेंच. अशा वेळीं पुढच्या भागाची मागणी होणें अगदीं स्वाभाविक होतें. नोव्हेंबर १९९७ मध्यें निन्टेन्डोच्या 'स्पेस वर्ल्ड' या प्रदर्शनांत तो पुढचा भाग 'गोल्ड' व 'सिल्व्हर' या नांवांनीं मांडण्यांत आला, आणि आलेल्या लोकांस त्याचा नमुना खेळून पाहतां आला. नाव लोटली आहे, आतां ती पैलतीरीं लागलीच, असें पाहणारांस वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु तसें झालें नाहीं. १९९८ साल आलें व गेलें; खेळ आला नाहीं. १९९९ सालचे बहुतेक महिने सरले तरी आला नाहीं.

हा उशीर कां झाला? एक कारण उघड आहे. काम करणारे मोजके आणि कामें अनेक होतीं. पहिल्या खेळाची इंग्रजी आवृत्ति सप्टेंबर १९९८ मध्यें अमेरिकेंत निघाली. त्याच महिन्यांत जपानांत 'यलो' ही सुधारलेली आवृत्ति निघाली. चित्रमालिका पाहणारे, नव्यानें खेळूं लागलेले, परदेशांतले, अशा सर्वांची सोय पाहावयाची होती. परंतु दुसरें कारण आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. त्या काळीं कार्ट्रिजमध्यें भरलेला खेळ छापलेल्या ग्रंथासारखा असे. एकदां तो विकला गेला कीं त्यांतील चूक दुरुस्त करण्याचा कांहींच उपाय नसे. आज खेळ विकला गेल्यावरही त्याची दुरुस्ती तारायंत्रासारख्या जाळ्यांतून घरोघर पोंचवितां येते. तेव्हां ती सोय नव्हती. पहिल्या खेळांत कांहीं चुका राहिल्या होत्या आणि त्या लाखों प्रतींत तशाच कायम राहिल्या. म्हणून जें काय शोधावयाचें, तपासावयाचें, टाकावयाचें, तें सर्व आधींच करणें भाग होतें.

आतां या कामाचा मुख्य अडसर कोणता होता तें पाहूं. तो अडसर जागेचा. नव्या खेळांत १०० नवे प्राणी घालावयाचे होते. जुने १५१ धरून एकूण २५१. प्रत्येकाचें एक चित्र समोरून आणि एक पाठीकडून. याला किती जागा लागते याचा हिशेब कठीण नाहीं. वाचकांनीं तो आमच्याबरोबर कागदावर करून पाहावा.

यंत्रांत माहितीचा सर्वांत लहान कण म्हणजे बिट. एका बिटांत 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच मावतें. आठ बिट मिळून एक बाइट होतो. चार छटांपैकीं कोणती छटा हें सांगण्यास दोन बिट पुरतात. कारण दोन 'होय-नाहीं' एकत्र घेतले असतां चार जोड्या होतात. गेम बॉयवर चित्र रचावयाचें तें फरशी बसविल्याप्रमाणें. एक फरशी आठ टिंबें लांब व आठ टिंबें रुंद. म्हणजे तिच्यांत ६४ टिंबें. प्रत्येकास दोन बिट या मानानें १२८ बिट झाले, म्हणजेच १६ बाइट. प्राण्याचें समोरील मोठ्यांत मोठें चित्र सात फरशा रुंद व सात फरशा उंच असतें. ४९ फरशांस १६ नें गुणिलें असतां ७८४ बाइट येतात. पाठीकडील चित्र सहा फरशा रुंद व सहा उंच. त्याचे ३६ गुणिले १६, म्हणजे ५७६ बाइट. दोन्ही मिळून १,३६०. सर्व चित्रें मोठ्यांत मोठ्या आकाराचीं धरून यास २५१ नें गुणिलें कीं ३,४१,३६० बाइट होतात. पहिल्या खेळाचें सबंध जपानी कार्ट्रिज ५,२४,२८८ बाइटांचें होतें. म्हणजे त्या कार्ट्रिजचा सुमारें ६५ टक्के भाग केवळ या चित्रांनींच व्यापला असता! मग गांवें, रस्ते, माणसांचीं संभाषणें, संगीत, झुंजीचे नियम, हें सारें कोठें ठेवावयाचें? नव्या खेळास मोठें कार्ट्रिज मिळालें हें खरें. पण त्याची जागाही कांहीं अमर्याद नव्हती.

यावर उपाय संक्षेपाचा. संक्षेप म्हणजे काय तें आपल्या घरच्याच उदाहरणानें सांगतां येईल. रांगोळीच्या पुस्तकांत 'अकरा ठिपके, अकरा ओळी' एवढेंच लिहिलेलें असतें. एकशें एकवीस ठिपके एकामागून एक कोणी मोजून सांगत नाहीं. तरीही काढणारीच्या अंगणांत एकही ठिपका कमी पडत नाहीं. त्याचप्रमाणें चित्राच्या एका ओळींत चाळीस टिंबें पांढरींच असलीं, तर चाळीस वेळां 'पांढरें' असें न लिहितां 'पांढरें, चाळीस वेळां' असें लिहावें. चित्रांतला एखादा तुकडा पूर्वीं येऊन गेला असल्यास तो पुन्हां न लिहितां 'मागील अमुक जागेचा तुकडा पुन्हां घ्या' असें सांगावें. तोच तुकडा उलटा हवा असल्यास 'उलट क्रमानें घ्या' असें सांगावें. जेथें पुनरावृत्ति अधिक, तेथें बचत अधिक. मात्र लिहितांना जें आखडून ठेविलें तें खेळाच्या वेळीं यंत्रास उलगडून घ्यावें लागतें आणि त्यास वेळ लागतो. तेव्हां खरी हुशारी ही कीं, जागाही वाचावी आणि उलगडतांना खेळणारा तिष्ठतही राहूं नये.

संक्षेपाचीं साधनें पहिल्या खेळांतही होतीं. पण नव्या पसाऱ्यास तीं अपुरीं होतीं. येथें सातोरू इवाता यांचें साह्य झालें. इवाता हे त्या वेळीं 'हॅल लॅबोरेटरी' नांवाच्या दुसऱ्याच एका कंपनीचे अध्यक्ष होते. अध्यक्षाच्या खुर्चीवर बसूनही त्यांनीं प्रोग्रॅम लिहिण्याची कला सोडली नव्हती. पहिल्या खेळांतील झुंज 'निन्टेन्डो ६४' या मोठ्या यंत्रावर आणावयाची होती, तेव्हां नियमांची लेखी टिपणें हातीं नसतां त्यांनीं मूळ प्रोग्रॅमच वाचून काढला आणि सुमारें एका आठवड्यांत तें काम उभें केलें. 'गोल्ड' व 'सिल्व्हर' यांच्या चित्रांच्या संक्षेपासाठीं लागणारीं साधनेंही त्यांनीं तयार करून दिलीं. ज्या संस्थेचा खेळ ती संस्था त्यांची नव्हती, आणि या कामानें त्यांचें नांव कांहीं मुखपृष्ठावर झळकणार नव्हतें. पुढें २००२ सालीं ते निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले आणि २०१५ सालीं निधन पावले. पण ज्यांस या खेळाचा इतिहास ठाऊक आहे ते त्यांच्या या हातभाराची आठवण आजही काढतात.

संक्षेपानें जागा वाचली तरी कांहीं गोष्टी टाकाव्या लागल्याच. १९९७ च्या त्या नमुन्याची प्रत २०१८ सालीं उजेडांत आली, तेव्हां मधल्या काळांत केवढा फेरफार झाला होता तें लोकांस प्रथमच प्रत्यक्ष दिसलें. नमुन्यांतील कितीतरी प्राणी सिद्ध खेळांत मुळींच नाहींत; कितीएकांचें रूप पार पालटलें आहे. नमुन्याचा नकाशा सबंध जपान देशाच्या आकारावर बेतलेला होता. सिद्ध खेळांत तो टाकून देऊन 'जोहतो' नांवाचा प्रदेश निराळाच रचण्यांत आला; त्याचें मूळ क्योतो, ओसाका व नारा ज्यांत येतात त्या कान्साई भागांत आहे. शिवाय जोहतोचा प्रवास पुरा झाल्यावर खेळणारास पहिल्या खेळांतला 'कान्तो' प्रदेशही पुन्हां पाहावयास मिळतो. तेथेंही कात्री लागलीच आहे. पूर्वींचें मोठें अरण्य आक्रसलें आहे, एक प्रसिद्ध गुहा नाहींशी झाली आहे, प्राण्यांचें राखीव रान बंद पडलें आहे. चांगला निबंध लिहिणाराही असेंच करतो. पहिल्या खर्ड्यांतलीं आवडतीं वाक्यें तो निर्दयपणें खोडतो, कारण पानें मोजकीं असतात आणि सांगावयाचें नेमकें असतें.

आतां या खेळांतील सर्वांत नवलाची योजना सांगतों. ती योजना म्हणजे घड्याळ. पूर्वींच्या भूमिकाखेळांत काळ हा बहुधा कथेपुरता असे. 'गोल्ड' व 'सिल्व्हर' यांच्या कार्ट्रिजमध्यें मात्र खरोखरीचें घड्याळ बसविलेलें होतें आणि यंत्र बंद असतांही तें चालू राही. त्याच्या पोटीं क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक असे. विजेच्या योगानें तो सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो. ही संख्या विचित्र दिसते. पण ती मुद्दाम निवडलेली आहे. दोनाचा पंधरावा घात केला असतां हीच संख्या येते. म्हणून तिला एकसारखें निम्मे करीत गेलें, तर बरोबर पंधराव्या खेपेस एक उरतो, आणि सेकंदाचा ठोका मिळतो. आपल्या मनगटावरील क्वार्ट्झ घड्याळेंही याच रीतीनें चालतात. योगायोग असा कीं, हीच संख्या या खेळाच्या दुसऱ्या एका अंगींही येते. ऑक्टोबर १९९८ मध्यें 'गेम बॉय कलर' हें रंगीत यंत्र निघालें आणि नवा खेळ जुन्या व नव्या अशा दोन्ही यंत्रांवर चालेल असा रचण्यांत आला. त्या यंत्रांत तांबडा, हिरवा व निळा या प्रत्येकाच्या ३२ पायऱ्या असतात. ३२ चा घन केला असतां एकूण रंग ३२,७६८ च भरतात.

घड्याळ आल्याबरोबर खेळाचा स्वभावच बदलला. पहांटे चारपासून दहापर्यंत सकाळ, दहापासून सायंकाळीं सहापर्यंत दिवस आणि तेथून पुन्हां चारपर्यंत रात्र, अशी विभागणी झाली. घुबडासारखा एक प्राणी रात्रींच भेटे; एक किडा सकाळचा, तर कोळ्यासारखा दुसरा रात्रींचा. एका गुहेंत शुक्रवारींच दिसणारा एक जलचर होता. मंगळवार, गुरुवार व शनिवार या दिवशीं एका उद्यानांत किडे पकडण्याची स्पर्धा भरे. माचिदाच्या शेतांत किडे धुंडाळणाऱ्या मुलाचें बालपण येथें पुन्हां उगवलें असें म्हणावयास हरकत नाहीं. एक वृद्ध कारागीर रानांतलीं फळें घेऊन त्यांचे प्राणी पकडण्याचे गोळे करून देई. परंतु तो तें काम तत्काळ करून देत नसे. 'उद्यां या' असें सांगे आणि खेळणारास खरोखरच दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागे. अंड्यांतून पिलूं बाहेर यावयाचें तर पावलें चालावीं लागत; २५६ पावलांचा एक फेरा, आणि कित्येक अंड्यांस असे वीस फेरे, म्हणजे ५,१२० पावलें. घाई करणारास येथें कांहींच आडवाट नव्हती. जो खेळ स्वतः दोन वर्षें थांबून तयार झाला, त्यानें आपल्या खेळणारांसही थांबावयास शिकविलें, हें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें.

तथापि गुणांबरोबर दोषही सांगणें हें अभ्यासकाचें कर्तव्य आहे. आम्हीं आरंभीं नोंद जपून ठेवण्याची गोष्ट सांगितली होती. ही नोंद कार्ट्रिजमधील बटणाएवढ्या सेलाच्या आधारें टिकते. पहिल्या खेळांत त्या सेलास तेवढेंच काम होतें. दुसऱ्या खेळांत त्याच सेलावर अहोरात्र घड्याळ चालविण्याचाही भार पडला आणि तो तुलनेनें लौकर संपूं लागला. सेल संपला कीं घड्याळ थांबे आणि त्याबरोबर नोंदही पुसली जाई. लहानपणीं शेंकडों तास घालवून वाढविलेले प्राणी, मित्रांशीं केलेल्या अदलाबदलीच्या खुणा, सारें कांहीं वर्षांनीं नाहींसें झाल्याचें कितीएकांस आढळून आलें. काळास खेळांत आणावयाचें तर त्याचें भाडें द्यावें लागतें; तें असें चुकतें झालें. शहाण्या रचनेचीही किंमत असते आणि ती कधीं कधीं फार उशिरां कळते, हा याचा बोध.

अखेर २१ नोव्हेंबर १९९९ रोजीं हा खेळ जपानांत प्रकाशित झाला. ऑक्टोबर २००० मध्यें तो अमेरिकेंत पोंचला आणि २००१ सालीं युरोपांत. जगभर त्याच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. दहा वर्षांनीं, सप्टेंबर २००९ मध्यें, निन्टेन्डोच्या 'डी एस' या पुढील पिढीच्या खिशांतल्या यंत्रासाठीं तोच खेळ नव्या वेषांत पुन्हां रचण्यांत आला. दोन वर्षांच्या विलंबानें रुष्ट झालेले वाचक वा ग्राहक असतील. परंतु आज त्या विलंबाबद्दल तक्रार करणारा कोणी भेटत नाहीं. १९९७ चा नमुना जसाच्या तसा विकला असता, तर घाईबद्दल मात्र तक्रार राहिली असती.

येथें कोणी विचारील, शाळेच्या अंकांत खेळाची एवढी चर्चा कशाला? खेळांत वेळ दवडणारीं मुलें आम्हीं पाहिलीं नाहींत असें नाहीं. पडद्यापुढें रात्र जागविणें, सांगितलेलें काम टाकून प्राणी मोजीत बसणें, याचें समर्थन आम्ही करीत नाहीं. जो खेळ 'उद्यां या' असें सांगतो, त्याचें निदान एवढें तरी ऐकावें आणि यंत्र खालीं ठेवावें. पण कोणतीही वस्तु वापरणें आणि ती कशी घडली हें जाणणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीनें करमणूक होते, दुसरीनें दृष्टि येते. गुणाकार, घात, स्फटिकाचें कंपन, रंगांचें मिश्रण, भूगोलाचा नकाशा आणि निबंधाची काटछाट, हे आमच्या वर्गांतलेच विषय एका लहानशा कार्ट्रिजमध्यें एकत्र नांदतांना दिसले, हें आम्हीं वर दाखविलेंच आहे.

आजही एखाद्या नव्या खेळाची घोषणा होते आणि मुलें दिवस मोजूं लागतात. तो लांबणीवर पडला कीं चिडतात. त्यांस आमचें इतकेंच सांगणें कीं, विलंब दोन प्रकारचा असतो. एक आळसाचा, त्यांत दिवस जातात आणि काम जेथल्या तेथें राहतें. दुसरा सिद्धतेचा, त्यांत बाहेरून कांहीं दिसत नाहीं, परंतु आंत टिंबें मोजलीं जातात, चुका खोडल्या जातात, जागा केली जाते. शुभवर्तमानांतील दहा कुमारींचा दृष्टान्त आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. वर यावयास उशीर झाला तो सर्वांनाच सारखा झाला. तरी पांच जणी शहाण्या ठरल्या आणि पांच मूर्ख, कारण पहिल्यांनीं दिव्यासाठीं तेल बरोबर घेतलें होतें. परीक्षा मार्चांत आहे हें आम्हांस जूनपासून ठाऊक असतें. मधले नऊ महिने खोळंब्याचे मानावयाचे कीं तयारीचे, हें ज्याचें त्यानें ठरवावें. घोषणा तर शाळेंत नांव घातलें त्याच दिवशीं झाली आहे.